मायला सिंगापूरहून लंकावीला न्यायचं असेल तर

सिंगापूरला नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी लिहून राहिली आहे. आपल्याकडच्या म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, जिथं घरी धानाची शेती आहे अन् आईवडील कधी विमानात बसले नाहीत. ते महिनाभरासाठी येतात, आपण सकाळी ऑफिसला निघून जातो, ते दिवसभर पंधराव्या-विसाव्या मजल्यावर टीव्हीसमोर, आणि शनिवार आला की आपण त्यांना मॉलमधून फिरवतो. त्यापेक्षा त्यातले चार दिवस सुट्टी काढा आणि लंकावीला घेऊन जा. मलेशियाचं बेट आहे, केदाह राज्यातलं, सिंगापूरहून थेट विमान असलं की दीडेक तास. बाली लांब पडते. लंकावी लहान आहे, आणि मुख्य म्हणजे तिथं समुद्रापासून पाच-दहा मिनिटांवर धानाच्या बांध्या आहेत, केदाहला मलेशियाचं धानाचं कोठारच म्हणतात. आपली माय तिथं नुसती पाहुणी होऊन बसत नाही, तिला बोलायला काही असते, आणि माझ्या मते जागा निवडताना हीच एक गोष्ट पाहायची.

वेळ कोणती, तर रोवणीत माय येणार नाही, कापणी-चुरण्यात तर नाहीच, अन् दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, लेकीजावई येतात ते ती सोडत नाही. म्हणून धान खरेदी केंद्रावर गेलं की जानेवारी. लंकावीलाही तोच सीझन चांगला, डिसेंबर ते मार्च पाऊस कमी असतो आणि समुद्र शांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथं पाऊस भारी. फक्त चायनीज न्यू इयरचा आठवडा सोडून तिकीट काढा, त्या दिवसांत विमान अन् हॉटेल दोन्ही महाग होतात.

पासपोर्टचं काम आठ-दहा महिने आधी सुरू करा. बहुतेकांच्या मायचं नाव आधारवर एक, बँकेत दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं असते, ते आधी सारखं करून घ्या, नाहीतर नागपूरला चकरा होतात. दुसरं म्हणजे ईसीआर, ठराविक देशांत कामाला जायच्या आधी सरकारची परवानगी लागते असा शिक्का. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर हा शिक्का येतो, आणि मलेशिया त्या 18 देशांच्या यादीत आहे. पण वय 50 च्या वर असलं की ईसीएनआर, म्हणजे ही परवानगी न लागणारा पासपोर्ट मिळतो, शिक्षण विचारत नाहीत, म्हणून फॉर्म भरतानाच ते बरोबर टिक करा, गावातल्या नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. जुन्या पासपोर्टवर शिक्का असेल तरी घाबरू नका, ती अट कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही, फक्त रिटर्न तिकीट प्रिंट करून हातात द्या.

सिंगापूरचा व्हिसा तुम्हीच इथून सिंगपासनं, म्हणजे सिंगापूर सरकारच्या लॉगिननं, ऑनलाइन भरता, फी 30 सिंगापूर डॉलर. आला की त्यावर मल्टिपल जर्नी लिहिलं आहे का ते डोळ्यांनी पाहा, कारण लंकावीला जायचं म्हणजे सिंगापूरच्या बाहेर जाऊन परत आत यायचं, आणि सिंगल असेल तर माय परत येताना अडकते. मलेशियाला भारतीय पासपोर्टवर 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत 1 डिसेंबर 2023 पासून सुरू झाली अन् सध्या 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे, त्यानंतर जाणार असाल तर तिकिटाच्या आधी त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर पाहून घ्या. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या तीन दिवसांच्या आत भरायचं असते, फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. आणि परत येताना सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पुन्हा भरायचं, आधीचं चालत नाही. हे हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्रीच उरकून टाका.

आता एक गोष्ट जी कोणी मायला तोंडावर विचारत नाही. खर्रा, नस, गुडाखू, म्हणजे तंबाखूच. आपल्याकडे कित्येक बायांना याची सवय आहे आणि त्या पिशवीच्या तळाशी पुडी घालून आणतात. सिंगापूरला चघळायचा तंबाखू आणायला बंदी आहे, दंड होतो. सुनेसमोर, जावयासमोर विचारू नका, फोनवर एकटीशी प्रेमानं बोला, सवय असेल तर निघायच्या दोन महिने आधी गावच्या डॉक्टरशी बोलून कमी करायला लावा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पर्समध्येच, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसोबत. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असते, म्हणून गोळीची वेळ मायच्या मोबाईलवर अलार्म लावून द्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना जुनं दुखणं त्यात धरलं आहे का एवढं नक्की वाचा.

नागपूर ते सिंगापूर एकाच तिकिटावर काढा म्हणजे नागपूरला दिलेली बॅग सिंगापूरला मिळते, आणि मुंबईहून असेल तर टर्मिनल बदलावं लागत नाही ना ते पाहा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगा, त्याचे पैसे लागत नाहीत. आणि मोठ्या अक्षरात मराठीत एक कागद, कुठं उतरायचं, कोणाला काय दाखवायचं. मायला वाचता येत नसेल तर तेच व्हॉट्सॅपवर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, लहान लहान तुकडे, एका कामाला एक.

लंकावीत तीन रात्री पुरेशा. राहायला पांताई चेनांग या किनाऱ्याच्या आसपास, जिथून समुद्र पायी जाता येईल, तळमजल्याची खोली मागा, आणि खोलीत किटली आहे ना पाहा, पहाटे पाच वाजता मायला चहा लागते. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवायची. हे मी फार जोर देऊन सांगते, कारण चार बेटांची बोट, मग केबल कार, मग बाजार असं एका दिवसात कोंबलं की माय काही म्हणत नाही, पण रात्री पाय दाबत बसते.

केबल कार सकाळी लवकर. डोंगराचं नाव गुनुंग माचिनचांग, वरचं स्टेशन 708 मीटरवर आहे, चढ एवढा उभा की पहिल्या पाच मिनिटांत हात धरून बसावं लागते, मग खाली बेटं दिसायला लागतात. वर एक 125 मीटरचा वाकडा झुलता पूल आहे, त्याला पायऱ्या फार, गुडघेवाल्यांसाठी वेगळ्या तिकिटावर छोटी लिफ्टगाडी असते, ती बंद असेल तर पूल सोडून द्या, वरचं स्टेशनच पुष्कळ आहे.

किलिमची खारफुटी दुसऱ्या दिवशी, बोट शेअरिंगची नको, घरच्यापुरती घ्या, म्हणजे पाहिजे तेव्हा परत फिरता येते. बोटीत पाय टाकायला लुगडं-साडी अडते, त्या दिवशी सलवार नाहीतर गाऊनखाली लेगिंग, आणि मागं पट्टा असलेली चप्पल. समुद्रात घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढं नको, जेलीफिश असतात. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी येते, ती तिथी मायला तुमच्याआधी माहीत असते, तिलाच विचारून किनाऱ्यावर जायची वेळ ठरवा.

आणि एक सकाळ धानासाठी मोकळी ठेवा. चेनांगच्या हॉटेलांच्या मागंच शेतं आहेत, म्हशी, बगळे, सगळं. आम्ही गेलो तेव्हा काही बांध्या कापलेल्या होत्या, काही उभ्या. मायनं चप्पल धुऱ्यावर काढली, पडलेली एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजलं. "वाळला आहे न पुरा, काहून नाही कापत वो हे लोकं?" म्हणे. तेवढ्यात शेतवाला आला, भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती, हिनं वाकून हातानं विळा चालवून दाखवला, त्यानं लांब उभ्या हार्वेस्टरकडे बोट केलं, मग दोघं बराच वेळ धुऱ्याधुऱ्यानं फिरत होते. तिथून पदांग मातसिरात या गावाला जा, एअरपोर्टच्या जवळच आहे. 1821 मध्ये सयामी म्हणजे थाई फौज आली तेव्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गावानं तिथं आपला तांदूळ जाळला, आणि अजूनही पाऊस पडला की काळे दाणे वर येतात असं तिथले लोक सांगतात. माहसुरीची कबरही दाखवा, खोटा आळ घेऊन मारलेल्या बाईची गोष्ट आहे, मरताना तिनं बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला म्हणतात. गोष्ट तुम्ही आधी वाचून ठेवा आणि तिथं बसून मराठीत नीट सांगा, घाईनं नाही.

जेवणाचं म्हणाल तर भाताची कमी नाही. भाजीतही बेलाचान म्हणजे सुक्या झिंग्याचा मसाला असू शकतो, मेन्यूवर डागिंग लेंबू म्हणजे गाईचं मांस, हे दोन शब्द पाठ ठेवा. चेनांगला भारतीय हॉटेलं आहेत, सकाळी रोटी चनाय म्हणजे पराठ्यासारखी रोटी आणि डाळ मिळते, मायला ते आवडतेच. गावाहून जवसाची चटणी आणली असेल तर डबीत सोबत घ्या.

किंमत सांगू नका. आपली माय प्रत्येक रिंगिटचं, म्हणजे मलेशियाच्या पैशाचं, धान करते, 2025-26 ला साध्या धानाचा हमीभाव 2369 रुपये क्विंटल होता, म्हणजे हॉटेलची एक रात्र किती पोती ते ती लगेच काढते आणि मग "मले काहाले आणलं वो बाई" म्हणत जेवणही कमी करते. बिल तुम्ही काउंटरवर जाऊन द्या. तिच्या हातात मात्र थोडे रिंगिट ठेवा, बाजारात तिला स्वतः घासाघीस करू द्या, दुकानदार कॅल्क्युलेटर पुढं करतात, तिला बरोबर जमते.

परत आल्यावर मायच्या गावच्या विमानाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, पाय दुखतात, शिवाय कोणाला काय न्यायचं याची तिची वाटणी व्हायची असते. लंकावी 1987 पासून ड्युटी फ्री आहे, पण मलेशियाहून सिंगापूरला येताना दारूवर सूट मिळत नाही, भावानं बाटली सांगितली असेल तर नाही म्हणा, चॉकलेट घ्या. बॅग घरीच काट्यावर तोला. आणि जाताना मुंबईला कस्टमसाठी बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते, हे मायच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहा, खाली नागपूरला घ्यायला कोण येणार त्याचा नंबर.