सेवाभावी संस्थेसाठी खासगी ट्रस्टचं अनुदान: महाराष्ट्रात अर्ज कसा करावा

अर्ज लिहायला बसण्याआधी कपाट उघडा आणि आपल्या ट्रस्टचा शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीतली ट्रस्टची नोंद, काढून वाचा. त्यावर आज नावं कोणाची आहेत? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे या बदलाची माहिती, त्या कार्यालयाला द्यायचा असतो. आमची संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते; आमच्याकडून तो राहून गेला. एका ट्रस्टची माणसं कागद तपासायला आली, तेव्हा चार वर्षांपूर्वी वारलेले आमचे खजिनदार उताऱ्यावर अजून विश्वस्त होते आणि बँकेत सही करणाऱ्या ताईंचं नाव कुठेच नव्हतं. पाळणाघराचं काम त्यांना आवडलं होतं. पैसे मात्र चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत थांबले, तोवर ऊसतोडीचा हंगाम उलटून गेला.

बाकीची फाइल सोपी: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, आयकर खात्याकडची १२एबी (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट, आयकर विवरणपत्रं, वार्षिक अहवाल, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. १२एबी आणि ८०जी यांना मुदत असते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता पैसा कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

स्वतःच्या निधीवर चालणारे ट्रस्ट ही एक जात. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. यातल्या दोराबजी ट्रस्टच्या पैशातून १९३६ साली मुंबईत समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. असे ट्रस्ट त्यांना पटलेल्या विषयावर थोडा धीर धरून पैसे देऊ शकतात.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चाचं, गणित वेगळं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो. तुमच्याकडे सीएसआर-१ क्रमांक (असा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम हवं. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो, म्हणून मुंबईच्या मुख्यालयात खेटे घालण्याआधी जवळच्या एमआयडीसीत चौकशी करा.

तिसरा, परदेशातला पैसा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८मध्ये उभं केलेलं महाराष्ट्र फाउंडेशन इथल्या कामांना मदत करत आलं आहे, पण परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची केंद्राची परवानगी, लागतेच. ओळखीच्या संस्थेच्या एफसीआरए खात्यातून पुढे पैसे घ्यायची वाट २०२०च्या दुरुस्तीने बंद झाली. कोणी सुचवलं तरी त्या वाटेला जाऊ नका.

देणारा निवडताना त्याचा वार्षिक अहवाल उघडा आणि मागच्या वर्षी कोणाला, किती रक्कम दिली ते बघा. सगळ्या रकमा कोटींत असतील तर तुमचा चार लाखांचा अर्ज तिथे बहुधा कोणी वाचणार नाही. गावात वाढलेल्या उद्योजकाच्या घरचा छोटा ट्रस्ट अशा वेळी बरा, तिथे निदान फोन उचलतात.

मग दोन पानी कन्सेप्ट नोट, म्हणजे कामाची थोडक्यात ओळख. ‘वंचित बालकांचे सर्वांगीण सक्षमीकरण’ असं लिहिलंत तर वाचणारा पान उलटतो. त्याऐवजी लिहा: साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत (झोपड्यांत) राहणारी तीस मुलं, वय दोन ते सहा, आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात जातात, आम्ही पहाटे चारला पाळणाघर उघडतो. एवढं वाचून माणसाला तळ डोळ्यांपुढे दिसतो.

बजेटही तसंच उघडं ठेवा. समजा आहार रोज माणशी ४० रुपये, तीस मुलं, महिन्याला २६ दिवस, पाच महिने: १,५६,००० रुपये. दोन ताईंचं मानधन महिना ९,०००प्रमाणे ९०,०००. आता हिशेब लिहिणाऱ्याचा पगार, ऑडिटची फी, तळापर्यंतचं पेट्रोल. हे लपवायची आपल्याकडे सवय आहे, जणू पगार घेणं म्हणजे सेवेला बट्टा. लपवू नका. न मागितलेला खर्च शेवटी ताईंच्या मानधनातून कापला जातो, आणि फेब्रुवारीत ताई सोडून जाते.

अर्ज पोचल्याची खात्री करा, तीन-चार आठवड्यांनी एकदा विचारा. भेटीला कोणी येणार असेल तर रांगोळी नि स्वागतगीत नको. नेहमीच्या वेळेला बोलवा, पहाटे चार म्हणजे पहाटे चार. नकार आला तर कारण विचारायला लाजू नका; कधीकधी ‘पुढच्या वर्षी जूनमध्ये पाठवा’ एवढंच उत्तर असतं.

मंजुरीचं पत्र आलं की सही करण्याआधी हप्ते कधी, कोणत्या अटीवर ते वाचा. पुढचा हप्ता सहसा विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर सुटतो आणि त्यावर सीएची सही लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून या अनुदानाची पावतीची फाइल वेगळी ठेवा. भाजीवाल्याकडे छापील बिल नसतं, तेव्हा साध्या व्हाउचरवर तारीख, रक्कम आणि त्याची सही तिथल्या तिथे घ्या. मार्चमध्ये तो कुठल्या गावच्या बाजारात असेल, सांगता येत नाही.