हौसेचाही हप्ता बांधा

सांगलीत घरोघरी जाऊन पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करणं हे माझं काम. पाच वर्षांची आरडी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मोडायला निघालेली माणसं मी खूप पाहिली आहेत. काहींच्या घरी आजारपण असतं, त्याला इलाज नाही. पण बरेच जण दिवाळीसाठी, भाच्याच्या लग्नातल्या कपड्यांसाठी, मुलांना कोकण दाखवायचं म्हणून मोडतात. यातलं काहीच अचानक आलेलं नसतं. दिवाळी कधी आहे ते कॅलेंडरात छापलेलं असतं. हौसेसाठी वेगळा पैसा काढलेला नसतो, मग उद्याच्या पैशाला हात लागतो. म्हणून बचतीचा हप्ता बांधता तसा हौसेचाही बांधा, असं मी प्रत्येक घरी सांगते.

सुरुवात कागद-पेन घेऊन करा. घरातले सगळे बसा, मुलं आणि सासू-सासरेसुद्धा. गेल्या वर्षातला कोणता खर्च आठवला की अजून बरं वाटतं, ते प्रत्येकानं सांगायचं. मग मोबाईलवरून गेल्या तीन महिन्यांत कुणाकुणाला पैसे गेले ते उघडून बघा. कंटाळा आला म्हणून मागवलेलं जेवण, सेलमध्ये घेऊन तसाच पडलेला ड्रेस, कुणी उघडतही नाही त्या ॲपची वर्गणी: असलं बरंच काही तिथे सापडेल आणि तुमच्या कागदावर त्यातलं एकही नसेल. कात्री तिथे लावा. कागदावरच्या गोष्टींना लावू नका. नवरा-बायकोला अधूनमधून भावे नाट्यगृहात नाटक बघायला आवडत असेल, तर ते चालू राहिलंच पाहिजे. काटकसरीच्या पहिल्या जोशात असलं सगळं बंद करणाऱ्या घरात बचतही फार दिवस टिकत नाही, हे मी दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

आता आकडे मांडा. समजा, दिवाळीचे कपडे आणि फराळ मिळून ९,००० रुपये, गणपतीपुळ्याला दोन रात्री १०,००० आणि वर्षभरातली नाटकं, वाढदिवस, बाहेरचं जेवण ५,०००. झाले २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. हाच हौसेचा हप्ता. घरात ३२,००० रुपये येत असतील आणि भाडं, किराणा, शाळा, दवाखाना धरून २४,५०० जात असतील, तर हौसेचे २,००० काढून ५,५०० उरतात. त्यातले २,५०० अडीनडीसाठी साध्या बचत खात्यात टाका, तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. २,००० आरडीत, १,००० पीपीएफमध्ये, म्हणजे १५ वर्षांच्या सरकारी बचत योजनेत. इतके उरत नसतील तर सगळेच आकडे लहान करा, पण हौसेचा शून्यावर आणू नका. ३०० रुपये ठेवा. पोरांना भेळ खायला नेता येते तेवढ्यात.

पैसे कुठे ठेवता यालाही फार महत्त्व आहे. हौसेचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात ठेवा आणि ते खातं मोबाईलच्या पेमेंट ॲपला जोडू नका. आमच्याकडे बायका यासाठी भिशी लावतात. बारा जणी, महिन्याला हजार, वर्षात एकदा बारा हजार हातात. ओळखीच्या बायकांची भिशी हौसेला चांगली, कारण वर्षात हिशोब संपतो. मुलीच्या शिक्षणाचा पैसा मात्र भिशीत घालू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. भिशीला तो नाही आणि पतसंस्थेतल्या ठेवीलाही नाही.

उद्याचा पैसा पगार झाल्या झाल्या बाजूला काढायचा. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, म्हणून ५ तारखेच्या आत भरा. सध्याचा ७.१ टक्के दर टिकला, तर महिन्याला १,००० रुपयांचे १५ वर्षांनी सव्वातीन लाखांना थोडे कमी होतात. तुम्ही भरलेले असतात १ लाख ८० हजार. पीपीएफवर आम्हा एजंटांना काही मिळत नाही, आरडीवर मिळतं आणि ते सरकार देतं. हे मुद्दाम सांगते, म्हणजे माझा सल्ला तुम्हाला नीट तोलता येईल. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी २,००० रुपयांच्या आरडीचे पाच वर्षांनी १ लाख ४२ हजारांच्या वर मिळतात. एजंटकडे हप्ता देताना हप्त्यांची नोंद असलेल्या कार्डावर तिथल्या तिथे त्याची सही घ्या आणि अधूनमधून पोस्टाच्या पासबुकातली नोंद स्वतः बघा.

अडचण आलीच तरी आरडी लगेच मोडू नका. तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केली, तर व्याज साध्या बचत खात्याच्या दरानं मिळतं, म्हणजे ४ टक्के. त्यापेक्षा कर्ज घ्या. बारा हप्ते भरून झाले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजानं. फोन आणि टीव्हीच्या ईएमआयबद्दल एवढंच सांगेन की तो वस्तू यायच्या आधी स्वतःलाच भरा. आठ महिने भरून बघा. तोपर्यंत ती वस्तू हवीशी राहिली, तर रोखीनं आणा.

एका प्रकारच्या माणसांची मला जास्त काळजी वाटते. साठी ओलांडलेली, पेन्शनवाली, आयुष्यभर साठवलेली, आणि आता खर्च करायला हातच न उघडणारी. त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत रक्कम ठेवावी. तिचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या १ तारखेला मिळतं, सध्या ८.२ टक्क्यांनी. पाच लाख ठेवले तर दर तिमाहीला १०,२५०. पेन्शनवर घर चालत असेल, तर हे व्याज परत गुंतवू नका. पंढरपूरला जा, नातीला सायकल घ्या, गुडघे चालतात तोवर फिरून या. मुद्दल तसंच राहतं.

पगार वाढला की वाढीचे सरळ दोन भाग करा, अर्धी वाढ आरडी-पीपीएफला आणि अर्धी हौसेला. आणि आरडीची मुदत संपायच्या महिनाभर आधी त्या पैशाचं काय करायचं ते घरात ठरवून कागदावर लिहा. लाख-दीड लाख एकदम खात्यात आले की नातेवाइकांची कामंही निघतात आणि आपलीही. दहावा भाग काढून घरातल्या सगळ्यांना आवडेल असं काही करा, उरलेले त्याच आठवड्यात मुदत ठेवीत टाका आणि नवी आरडी त्याच दिवशी उघडा.