ग्राइंडरने छताचा पत्रा कापताना

पावसाळ्यापूर्वी छताचे पत्रे बदलताना ते कापण्यासाठी बहुधा ४ इंची चकतीचा ग्राइंडर वापरला जातो; मात्र पत्रा शक्यतो वर न कापता खाली जमिनीवर, कापाच्या दोन्ही बाजूंना आधार देऊन कापावा. चकतीवर छापलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा कमी नसावी (या आकाराच्या अनेक यंत्रांची गती मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास असते), आणि चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असल्यास तीही वाचावी. चकती कापात जराशी तिरकी झाली तरी अडकते व यंत्र झटक्याने मागे उसळते. म्हणून बाजूची मूठ लावून ते दोन्ही हातांनी धरावे, कापाच्या रेषेत उभे राहू नये आणि डोळ्यांवर गॉगल असावा. गार्ड (चकतीवरचे संरक्षक झाकण) काढून ठेवण्याची आपल्याकडची सवय मात्र निव्वळ बेफिकिरी आहे.

रंगीत पत्र्यावर उडालेल्या ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्याच पावसात तेथे तांबूस ठिपके दिसू लागतात, त्यामुळे लहान कापासाठी पत्र्याची कात्रीच बरी. जुना सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने मुळीच कापू नये; त्यात ॲस्बेस्टॉस असल्यास त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात.

काम संपल्यावर प्लग काढून हवेच्या झरोक्यांतील धूळ ब्रशने साफ करावी. यंत्र अडखळू लागले किंवा आत जास्त ठिणग्या दिसू लागल्या, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे दोन छोटे तुकडे) तपासावेत आणि झिजले असल्यास दोन्ही एकदमच बदलावेत.