मामाचे पैसे घेऊन गलाईला निघालात?

सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडनं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, नव्यानं येणाऱ्या पोरांजवळ बहुधा एक रक्कम असते, मामानं नाहीतर चुलत्यानं दिलेली. दुकानाचं डिपॉझिट, भट्टी, खोलीचं भाडं सगळं त्यातनंच भागतं. कोईमतूरला जा की अमृतसरला, आयकराचा कायदा एकच. तेव्हा पैसे हातात घ्यायच्या आधी हे वाचा.

आईवडील, आजोबा, मामा, चुलता, आत्या, मावशी, सासरे, दाजी, अगदी साडूनं बक्षीस दिलं तरी कर नाही, रक्कम कितीही असो. चुलतभाऊ आणि मामेभाऊ मात्र या यादीत नाहीत! आपण त्यांना सख्ख्यापेक्षा जवळ धरतो, आयकर खातं धरत नाही. अशा यादीबाहेरच्यांकडनं वर्षात सगळे मिळून ५०,००० च्या वर घेतले, तर नुसत्या वरच्या पैशावर नाही, अख्ख्या रकमेवर कर बसतो. स्वतःच्या लग्नातला आहेर मात्र सुटतो.

यादी प्रत्येक नात्यात उलटी फिरत नाही, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. मामानं भाच्याला दिलेलं चालतं. धंदा लागल्यावर भाच्यानं मामाला तसंच बक्षीस दिलं, तर मामाला कर लागू शकतो. म्हणून परत द्यायचेच असतील तर पहिल्यापासनं हातउसने म्हणून लिहा, आणि बँकेतनंच घ्या. २०,००० किंवा जास्त उसने रोखीत घेताही येत नाहीत, फेडताही येत नाहीत.

बेदाण्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) झाली की चुलता पिशवीत नोटा आणून देतो. प्रेम आहे, पण घेऊ नका. एकाकडनं एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड, तोही घेणाऱ्याला. तुकडे करून घेतले तरी प्रसंग एकच असेल तर सुटका नाही.

खात्यावर पैसे आले की साध्या कागदावर नातं, रक्कम, तारीख, दोघांचे पॅन लिहून दोघांच्या सह्या करा. सोबत चुलत्याचं ऊसबिल, बेदाण्याची पट्टी, सातबारा यांच्या झेरॉक्स ठेवा. आपल्या धंद्यात सोनं आणि रोकड दोन्ही फिरतं, त्यामुळं पहिला प्रश्न ‘पैसा आला कुठनं’ हाच असतो. रिटर्न भरताना ही रक्कम करमुक्त उत्पन्नात दाखवायला सीएला सांगा. चुलत्याकडं पॅन नसेल तर गाडीत बसायच्या आधी त्याचा अर्ज भरून टाका.