सामानासह सातपुड्यात: माउंटन बाईकवरचा आठवड्याचा घाटप्रवास

खानदेशातल्या सायकलस्वाराला सपाटीची सवय असते. तापीकाठच्या काळ्या जमिनीतून, केळीच्या आणि कापसाच्या शेतांमधून दिवसाला शंभर किलोमीटर सहज कापणारा माणूस सातपुड्यात सामान घेऊन शिरला, की पहिल्याच घाटात थकून बसतो. चूक बहुधा हिशेबाची असते. त्याने दिवस किलोमीटरमध्ये आखलेला असतो आणि डोंगरात तो चढाच्या मीटरमध्ये आखावा लागतो. शहादा ते तोरणमाळ हे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर सपाटीवर अर्ध्या दिवसाचेही नाही. मात्र त्याच अंतरात जवळपास हजार मीटर वर चढायचे असते आणि त्यातला बराचसा चढ शेवटच्या टप्प्यात साचलेला असतो, हे लक्षात घेतले तर तो पूर्ण दिवसाचा मामला ठरतो.

नवख्यांसाठी मी पुढील मार्ग सुचवतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकावर उतरावे, प्रकाशा येथे तापी ओलांडून शहाद्यास यावे आणि पहिला मुक्काम तेथेच करावा. पहिला दिवस मुद्दाम हलका ठेवायचा, कारण बांधलेल्या सामानातली प्रत्येक चूक या दिवशीच उघडी पडते आणि दुरुस्तीसाठी बाजारपेठ हाताशी असते. दुसऱ्या दिवशी म्हसावद, राणीपूर या वाटेने तोरणमाळ गाठावे आणि तिसऱ्या दिवशी तेथेच थांबावे. यशवंत तलावाच्या काठावर घालवलेला हा दिवस पुढच्या घाटांसाठी पायांना फार उपयोगी पडतो. चौथ्या दिवशी खाली उतरून धडगावचा रस्ता धरावा, पाचव्या दिवशी मोलगी गाठावी आणि सहाव्या दिवशी देवगोई घाटाने अक्कलकुव्याला उतरून तळोदामार्गे नंदुरबारकडे परतावे. चौथा दिवस अवघड वाटल्यास म्हसावदलाच थांबून त्याचे दोन दिवस करावेत. धडगावहून चांदसैली घाटाने थेट तळोद्याकडे उतरण्याचा पर्यायही आहे. आजारपण किंवा मोडतोड झाल्यास परतीची वाट म्हणून तो मनात ठेवावा, पण पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, त्यामुळे आधी चौकशी करावी.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात घाट बेभरवशाचे असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत पायथ्याचे तापमान चाळिशीच्या बरेच वर जाते. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा, महाशिवरात्रीला तोरणमाळची यात्रा आणि होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार या दिवसांत रस्ते माणसांनी आणि जीपगाड्यांनी भरून जातात. ते पाहायला अवश्य जावे, पण त्या दिवसांत लादलेली सायकल घाटात नेऊ नये.

आता वजनाविषयी. या प्रवासात सर्वाधिक विचार याच गोष्टीचा करावा लागतो. ७० किलोचा माणूस, १४ किलोची सायकल, १२ किलो सामान आणि ४ लिटर पाणी धरले तर एकूण वजन शंभर किलो होते. हे वजन हजार मीटर वर न्यायला सुमारे ९८० किलोज्यूल इतके काम करावे लागते. साधारण सराव असलेला माणूस तासनतास टिकवू शकेल अशी १२० वॅटची शक्ती गृहीत धरली, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सव्वादोन तास जातात. टायरचे घर्षण, खराब रस्ता आणि विश्रांती वेगळी. सामानातले ५ किलो कमी केले तर या चढात सुमारे सात मिनिटे वाचतात. आकडा लहान वाटतो खरा, पण तेच ५ किलो उतारावर ब्रेकवर, खड्ड्यांत चाकावर आणि रात्री सायकल उचलून ओट्यावर ठेवताना पाठीवर येतात. म्हणून दोन जोड कपडे, एक उबदार जाकीट, झोपण्याची पिशवी, हलकी चटई, लहान भांडे आणि दुरुस्तीची हत्यारे यापलीकडे काही घेताना ती वस्तू गेल्या प्रवासात किती वेळा वापरली, हे स्वतःला विचारावे. माझ्या पहिल्या प्रवासातली घडीची खुर्ची घरातून निघाली ती थेट घरी परतल्यावरच उघडली गेली.

गिअरचा प्रश्न याच हिशेबातून सुटतो. सात टक्के चढावर शंभर किलो वजन १२० वॅटने ओढताना वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास राहतो. पुढे ३२ दातांचे चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, सर्वांत मोठे चक्र ५१ दातांचे असेल, तर या वेगाला पेडल मिनिटाला साठ-बासष्ट वेळा फिरते आणि गुडघे सुखरूप राहतात. मागे ३६ दातच असतील, तर तेच पेडल चव्वेचाळीसच्या आसपास येते आणि प्रत्येक फेरा गुडघ्यावर भार टाकून ओढावा लागतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुढे तीन चेनरिंग असलेली जुनी सायकल आज कालबाह्य मानली जाते, परंतु तिचे लहान चेनरिंग २२ दातांचे आणि मागचे मोठे चक्र ३४ दातांचे असेल, तर मिळणारा सर्वांत हलका गिअर महागड्या नव्या सायकलीच्या जवळपास तितकाच असतो. केवळ एवढ्यासाठी नवी सायकल घेऊ नये.

सामान बांधताना जड वस्तू खाली आणि मध्यभागी असाव्यात. हत्यारे, पाणी आणि अन्न फ्रेमच्या त्रिकोणातील पिशवीत ठेवावे, हँडलवर फक्त झोपण्याची पिशवी आणि कपडे यांसारखे हलके सामान बांधावे आणि सीटमागच्या पिशवीत मध्यम वजनाचे. हँडलवर जड सामान असले की उतारावरच्या वळणात चाक आपल्या मर्जीने वळू पाहते. मागे कॅरिअर आणि दोन बाजूंना पॅनिअर (कॅरिअरला टांगायच्या पिशव्या) लावणे चुकीचे नाही आणि ते स्वस्तही पडते, मात्र खडबडीत रस्त्यावर कॅरिअरचे बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात. राणीपूरच्या पुढे माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट नकळत गळून पडला आणि उरलेला प्रवास मी तो सांधा तारेने आवळून केला. तेव्हापासून बोल्टला घट्ट करणारा डिंक लावणे, रोज सकाळी प्रत्येक बोल्ट हाताने तपासणे आणि त्याच मापाचे दोन जादा बोल्ट जवळ ठेवणे हा माझा नेम आहे.

टायर सव्वादोन इंच रुंदीच्या आसपासचे असावेत. रस्त्याच्या कडेला बाभळीचे आणि बोरीचे काटे असतात, त्यामुळे ट्यूबलेस टायर आणि प्रत्येक टायरमध्ये सुमारे शंभर मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) असा बंदोबस्त उत्तम, तरी एक ट्यूब सोबत हवीच. शंभर किलोच्या एकूण वजनाला मागे ३० आणि पुढे २५ पीएसआय हा दाब सुरुवातीला ठीक, मग रस्त्यानुसार कमी-जास्त करावा. चेनची जोडकडी, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) आपल्याच सायकलीच्या मापाचा हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, गिअरची एक तार आणि ब्रेकपॅडची एक जोडी इतके तरी न्यावेच. हँगर ही चिमूटभर वस्तू आहे, पण बहुतेक सायकलींचा मॉडेलनुसार वेगळा असतो आणि तो धडगावच्या दुकानात मिळेल असे धरू नये.

उतारावरच्या ब्रेककडे लोक दुर्लक्ष करतात. चढताना जी ऊर्जा साठवली, ती उतरताना हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाणारा वाटा वगळता ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. तोरणमाळहून खाली येताना ही उष्णता दोन-तीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असू शकते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला, तर पॅड तापून त्यांची पकड मंदावते. योग्य पद्धत अशी की सरळ पट्ट्यात ब्रेक सोडावा, वळणापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि वळणात ते पुन्हा सोडून द्यावेत. धातुमिश्रित पॅड आवाज करतात, पण उष्णता अधिक सोसतात, म्हणून सामानासह तेच बरे. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून डिस्क (ब्रेकची चकती) निववावी, मात्र तिला बोट लावू नये. घाटात जीप अचानक समोर येतात, तेव्हा वळणावर आपली बाजू सोडू नये.

पाण्याची क्षमता किमान चार लिटरची असावी. पायथ्याच्या गावी भरून निघावे आणि प्रत्येक हापशावर रिकामी बाटली भरून घ्यावी. पाणी गाळून उकळावे. या उंचीवर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. खाण्याची चिंता फारशी नको. केळी, शेंगदाणे, गूळ आणि राजगिऱ्याचे लाडू जवळ असले, की घाट चढता येतो, आणि मुक्कामाला भगरीची खिचडी पातेल्यात झटपट शिजते. सपाटीवर दादर ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी मिळेल, पण जळजळीत रस्सा घाटाच्या आदल्या रात्री नको. चढताना तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी घोटभर पाणी प्यावे आणि तासाला थोडे काही खावे.

हिवाळ्यात रात्री अनपेक्षित थंड असतात. डाब आणि तोरणमाळ परिसरात डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अनेकदा येतात. थंड हवा जड असल्याने दरीच्या तळाशी साचते, म्हणून तंबू नाल्यालगतच्या सपाटीवर न लावता थोडा उंचावर लावावा. तरी जंगलात तंबू टाकण्यापेक्षा गावात मुक्काम करणे मला अधिक योग्य वाटते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय राहू नये, आग पेटवू नये आणि या डोंगरांत बिबट्या व अस्वल आहेत याचा विसर पडू देऊ नये. गावात पोहोचल्यावर प्रथम पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटावे, कोठून आलो आणि कोठे जाणार हे सांगावे आणि समाजमंदिर किंवा शाळेचा ओटा मागावा. खाली लोक अहिराणीत ‘कथा चालना भाऊ?’ असे विचारतात. वर पावरी आणि भिली बोलल्या जातात, तेव्हा साधे, सावकाश मराठी बोलावे. घराचे किंवा माणसांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. मोबाईलचे जाळे आणि ऑनलाइन पैसे यांवर विसंबू नये, सुटे रोख पैसे जवळ असावेत आणि रोजचा मार्ग घरी एका माणसाला आधी सांगितलेला असावा.

देवगोई उतरण्यापूर्वी मोलगीलाच ब्रेकपॅड पाहून घ्यावेत, कारण पाच दिवसांच्या घाटांनंतर ते निम्म्याहून अधिक झिजलेले असण्याची शक्यता असते. अक्कलकुवा ते तळोदा हा पट्टा सपाट असला, तरी वाहतूक अधिक आहे, त्यामुळे तो सकाळी लवकर उरकावा. नंदुरबारहून रेल्वेने जाणार असाल, तर सायकल मालडब्यात घालण्यासाठी स्थानकावर आधी विचारपूस करून पावती घ्यावी, अन्यथा चाके काढून आणि पेडल सोडवून ती पिशवीत भरावी. या कामाला सवय नसल्यास पाऊण तास लागतो, तेव्हा गाडीच्या वेळेआधी तेवढा अवधी राखून ठेवावा.