दिवस राहण्याआधीपासूनची यादी

यादीतली पहिली गोष्ट गर्भ राहण्याआधी करायची असते, आणि नेमकी तीच बहुतेकींची राहून जाते: फॉलिक ॲसिडची गोळी. मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि पुढे गरोदरपणाचे 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत. घाई अशासाठी की बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणजे चाचणी करून, खात्री करून घेऊन मग गोळी आणायला निघालात तर निम्मी वेळ टळलेली असते. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तुम्हाला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डोस कितीतरी मोठा लागतो. तो मनाने ठरवू नका, डॉक्टरांकडून लिहून घ्या.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की रक्त कमी असं धरतात. अंगातलं रक्त या दिवसांत जवळजवळ दीडपट होतं, त्यामुळे लोह नुसत्या जेवणातून पुरं पडणं कठीण. रोज 30 ते 60 मिलिग्रॅमची गोळी त्याचसाठी. इथे माझी चूक सांगते. पहिल्या खेपेला दोन महिने मी ही गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होते. चहा लोह नीट शोषू देत नाही. आकडा हलेना, तेव्हा नर्सने विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" तर चहाकॉफी आणि लोहाची गोळी यांत तास-दीड तासाचं अंतर हवं, पाण्यात लिंबू पिळून त्याबरोबर घेतली तर उत्तमच. कॅल्शियम लिहून दिलं असेल तर ते दिवसाच्या दुसऱ्या टोकाला, जेवणासोबत. दोन्ही एकदम घेतल्या की कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून दोन्ही चार तास दूर. हे वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, डोक्यात राहत नाही. शौचाला काळी झाली म्हणून घाबरू नका, ती गोळीमुळे होते.

मीठ आयोडीनयुक्त आहे ना, एवढं पाकिटावर वाचून घ्या.

"आता दोघांचं खा" हे ऐकायची तयारी ठेवा आणि सोडून द्या. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागत नाही. मधल्या तिमाहीत रोज साधारण 340 कॅलरी: एक पेला दूध, एक केळं, लहान मूठभर शेंगदाणे, संपलं. शेवटच्या तिमाहीत 450. आधीचं वजन उंचीला साजेसं असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढ ठीक मानतात. मळमळीच्या दिवसांत मात्र हे हिशोब बाजूला ठेवा. दर दोन तासांनी जे पोटात टिकेल ते, आणि उशाशी काहीतरी कोरडं. पाणीसुद्धा टिकत नसेल तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा. डोहाळे माती, खडू किंवा बर्फाचे लागले तर हसण्यावारी नेऊ नका, अनेकदा रक्त कमी असल्याची ती खूण असते.

न तापवलेलं दूध, कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं मांस बंद. दारू थेंबभरही नाही. कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे फार तर दोन लहान कप कॉफी.

शेवटी, पहिल्या तपासणीला जाताना घरात असतील त्या सगळ्या गोळ्या, पावडरी, टॉनिकं एका पिशवीत भरून न्या. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, आणि ते दोन-तीन डब्यांतून नकळत पोटात जातं. माझ्या पिशवीतून दोन वेगळ्या नावांच्या बाटल्या निघाल्या. मागचा बारीक मजकूर वाचला तर आतलं औषध एकच.