गाडीतली एलईडी: पट्टी चिकटवण्यापलीकडचं काम

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करून नाशिकमध्ये कार डेकोरच्या दुकानात लागणारी मुलं आठवडाभरात एलईडीची पट्टी चिकटवायला शिकतात. कामाला खरा कस लागतो तो गाडीतली वीज समजून घेताना. पट्टीचं काम कोणीही करतं. स्वतःचं सर्किट बांधून देणारा शोधावा लागतो, आणि पैसेही त्यालाच बरे मिळतात.

पहिली गोष्ट, गाडीतले १२ व्होल्ट १२ नसतात. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबाराच्या आसपास, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) १४.४ पर्यंत नेतो. तीन पांढऱ्या एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडून घ्या. प्रत्येकीवर साधारण ३ धरले तर ९ व्होल्ट गेले. १४.४ मधून उरले ५.४. करंट २० मिलीअँपिअर हवा, म्हणजे ५.४ भागिले ०.०२, रेझिस्टर २७० ओहम. पाव वॅटचा पुरतो. हाच हिशेब १२ वर केलात तर १५० ओहम येतो, आणि गाडी चालू झाली की त्याच एलईडीतून ३० मिलीअँपिअरच्या वर करंट जातो. ती लगेच जळत नाही, म्हणूनच फसायला होतं. तापत राहते, उजेड उतरतो, आणि काही महिन्यांनी गिऱ्हाईक परत येतं. फॉल्स सीलिंगची स्वस्त पट्टी गाडीत का टिकत नाही, याचं कारणही बरंचसं हेच.

२७० वर इंजिन बंद असताना उजेड थोडा कमी दिसेल. तो फरक नको असेल तर करंट स्थिर ठेवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, वापरा. एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीवर असा ड्रायव्हर घरी बनतो, पण तो स्वतःच सुमारे ३ व्होल्ट खातो. मग सिरीजमध्ये तीनऐवजी दोनच पांढऱ्या एलईडी ठेवा.

आता लाइन कुठून घ्यायची? बॅटरीवरून थेट घेऊ नका. अर्धा अँपिअर खाणारी पट्टी दोन दिवस चालू राहिली तर २४ अँपिअर-अवर गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरीच ३५ ची असते. चावीवर चालू-बंद होणारी लाइन पकडा, आणि जिथून लाइन घेतली तिथेच जवळ २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज असतो वायरीसाठी, एलईडीसाठी नाही. हे पाठ करून ठेवा, गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही.

दार उघडल्यावर पायाशी उजेड हवा, ही मागणी सगळ्यात जास्त. बऱ्याच जुन्या गाड्यांत रूफ लाइटला पॉझिटिव्ह कायम असतो आणि दाराचा स्विच अर्थिंग (निगेटिव्ह) देतो. आपली निगेटिव्ह वायर त्या स्विचला जोडली की काम झालं. नव्या गाड्यांत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, दारं सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) करतं. तिथे त्याच्या वायरीवर आपला लोड टाकू नका. त्या सिग्नलने मॉसफेट (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवा आणि करंट वेगळ्या फ्यूजमधून घ्या. दार बंद असूनही रूफची नवी एलईडी अंधुक पेटत असेल, तर मॉड्यूलमधून थोडा करंट गळतोय. दिव्याला समांतर एक किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावून पाहा.

जोडाला साधी इन्सुलेशन टेप नको. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद सुटतो. हीट श्रिंक स्लीव्ह आणि वरून क्लॉथ टेप बरी. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना पडद्याच्या एअरबॅगच्या पुढून नेऊ नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर हातच नको.

रंगाबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. रात्री कसारा घाट उतरताना डॅशबोर्डचा निळा पट्टा काचेत उमटला की शौक महागात पडतो. एलईडी सीटखाली, खाली तोंड करून, आणि मंद पिवळसर.

गाडी देण्याआधी सगळं बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढून मल्टीमीटर सिरीजमध्ये लावा. गाडी पूर्ण झोपायला, म्हणजे आतली मॉड्यूल्स शांत व्हायला, वेळ लागतो, थांबा. मग करंट ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. मीटर लावलेला असताना मात्र चावी फिरवू नका, मीटरच्या आतला फ्यूज उडेल.